तुजा हौद तिकडं हाय

शेठने ग्लास माझ्या हातातून काढून घेतला आणि समोरच्या विटांच्या थप्पीवर आपटला.

"आता यातनं कोण पिणार? मी?"

काचा उडाल्या. चहा विटांनी पिऊन टाकला. बाकड्यावर ट्रकचे ड्रायव्हर बसले होते. त्यातल्या एकाने आपला ग्लास दोन्ही हातांत घट्ट धरला.

"बघतोस काय? उचल. एक तुकडा राहता कामा नये. टायर फाटेल."

मी खाली बसलो. मातीत, तुसात मिसळलेल्या काचा वेचू लागलो. बोटं कापली. अंगावर वसतिगृहातला पांढरा सदरा होता. त्याला रक्त लागू द्यायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. त्या वर्षी मी दहावी पास झालो होतो. आमच्या वाडीतला पहिला. दिवाळी झाली की वाडी डोंगरावरून खाली उतरायची आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत पळस्प्याच्या अलीकडच्या वीटभट्टीवर राहायची. बाच्या मागोमाग मीही उतरलो होतो. भट्टीवर चहाची रीत होती. शेठला कपबशी. ड्रायव्हरांना काचेचे ग्लास. आम्हा कातकऱ्यांना करवंटी. ज्याची त्याची करवंटी खोपटाच्या कुडात खोचलेली असायची. किटलीतून वरून धार सोडायची, किटली करवंटीला लागू द्यायची नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण वसतिगृहात राहून पेल्याची सवय झाली होती. हात आपोआप ग्लासाकडे गेला.

काचा वेचून झाल्यावर शेठने विचारलं,

"कोणाचा रे तू?"

मी बाचं नाव सांगितलं.

"म्हणजे सोन ना? ढोर नव्हेस?"

"सोन," मी म्हटलं. घाईघाईने म्हटलं.

"मग तसं आधी बोलायचं. सोनांचं मी चालवून घेतो." त्याने शेडमधून एक कप आणायला सांगितला. बशी नसलेला, काठ उडालेला. शेडच्या बाहेरच्या खांबाला खिळा होता, त्यावर तो कप कानाने अडकवला. "हा तुझा. शिकलेला आहेस, त्यात सोन. तुला कप. पण हा इथेच राहील, आत येणार नाही. कळलं?"

कळलं. इथवर कुणीही सांगेल. पुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मला आनंद झाला.

बोटांतून रक्त येत होतं आणि मी खिळ्यावरच्या त्या फुटक्या कपाकडे बघून मनातून फुगलो होतो. वाडीत कुणाला कप नव्हता. मला होता.

---

सोन आणि ढोर म्हणजे काय, ते सांगावं लागेल. पनवेलच्या बाजारात कुणाला हा फरक ठाऊक नव्हता. तिथे आम्ही सगळे कातवडी. लाकडाची मोळी घेऊन आलेले, मधाची बाटली घेऊन आलेले, दुकानाच्या पायरीखाली उभे राहणारे. पण आमच्या आत आम्ही दोन होतो. त्यांच्या म्हाताऱ्यांनी कधीकाळी मेल्या ढोराचं मांस खाल्लं म्हणून ते ढोर. आमच्यांनी खाल्लं नाही, असं आमचे म्हातारे सांगायचे, म्हणून आम्ही सोन. भाताच्या बांधातले उंदीर दोघेही खायचे. एकाच बांधातले. तरी त्यांच्या हातचं पाणी आम्ही पीत नव्हतो, त्यांच्यात पोर देत नव्हतो, त्यांची पोर करत नव्हतो.

बाजाराला ठाऊक नव्हतं ते शेठला ठाऊक होतं, कारण त्याला त्याचा उपयोग होता. मी वसतिगृहात असताना एका उन्हाळ्यात दोन्हीकडच्या माणसांनी मिळून काम बंद ठेवलं होतं. पाण्यासाठी. शेठने पुढच्या हंगामात खोपटीच वेगळी करून टाकली. सोनांची रस्त्याकडे, ढोरांची पलीकडे, जळक्या विटांच्या ढिगाऱ्याशेजारी. सोनांना झाकणाची लोखंडी टाकी, तोटी लावलेली. ढोरांना उघडा हौद. टँकर आला की पहिलं पाणी माती भिजवायच्या खड्ड्यात, मग आमच्या टाकीत, आणि उरलं तर हौदात. आमच्यातल्या कुणाला यात वावगं वाटलं नाही. उलट शेठला रीतभात कळते, असं बा म्हणायचा. त्यानंतर भट्टीवर पुन्हा कधी काम बंद पडलं नाही.

शेठने मला निवडीला लावलं. भट्टी उघडली की विटा निवडाव्या लागतात. दोन विटा एकमेकींवर वाजवायच्या. ठण्ण वाजली तर पक्की. भद्द वाजली तर पिवळी, म्हणजे कमी भाजलेली. फार भाजून वाकडी झालेली, एकमेकींना चिकटलेली ती खंगर. पक्की नवीन पनवेलच्या इमारतींना जायची, पिवळी आतल्या भिंतींना, खंगर रस्त्याच्या भरावाला. माती सगळ्यांची एकाच खड्ड्यातली. मधे लागली ती पक्की, कडेला लागली ती पिवळी. मला हे काम आवडायचं. हात चालायचा माझा. वीट उचलली की वाजवायच्या आधीच कळायचं.

आणि टाकीची किल्लीही शेठने माझ्याकडेच दिली. तोटीला कुलूप होतं. किल्ली माझ्या कमरेच्या करगोट्याला.

---

सोमी माझी मोठी बहीण. सोमवारी झाली म्हणून सोमी. आमच्यात नावं अशीच पडतात. आय मी रांगता असतानाच गेली. मला सोमीने वाढवलं. डोक्यावर विटा आणि काखेत मी. मला वसतिगृहात घालायला बा तयार नव्हता, तेव्हा ती त्याच्यासमोर उभी राहिली होती.

"त्याच्या वाटच्या इटा मी वाहीन. पन तो जाईल."

तिने वाहिल्या. माझ्या दहावीपर्यंत तिने दोघांच्या वाटच्या विटा वाहिल्या. तिच्या टाळूवरचे केस गेले होते.

लक्ष्या भट्टी रचायचा आणि पेटवायचा. ढोरांतला. रात्रंदिवस धगीजवळ राहून त्याच्या भुवया जळाल्या होत्या, त्यावरून सगळे त्याची चेष्टा करायचे आणि तोही स्वतःची करायचा. "माज्या तोंडावर पाऊस थांबत नाय," म्हणायचा, "सरळ डोळ्यात उतरतो." सोमी हसायची. ती हसते हे आमच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

एके दिवशी भर दुपारी, सगळे काम करत असताना, सोमीने आपलं लुगडं, आपली करवंटी आणि आयची जर्मनची हंडी उचलली आणि भट्टीच्या या बाजूकडून त्या बाजूला चालत गेली. पळून नाही. चालत. विटा थापणाऱ्या बायांनी हात थांबवले. बाने साचा खाली ठेवला नाही. तो विटा पाडतच राहिला. संध्याकाळी वाडीतले म्हातारे बसले आणि ठरलं, सोमीशी जो बोलेल, तिचं जो खाईल-पिईल, तो ढोर.

मी त्या बैठकीत होतो. शिकलेला म्हणून मला विचारलं, "तुजं काय म्हननं हाय?"

मी म्हटलं, "तुमी म्हनाल तसं."

पुढच्या वर्षी सोमीला मुलगी झाली. मंगळवारी. मंगी.

मंगी चालायला लागली तशी भट्टीभर फिरायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं की आपण कुठले. ती माझ्याकडे यायची, मी निवडत असलेल्या विटांवर चापटी मारायची आणि तोंडाने "ठन्न" म्हणायची. कुणी बघत नसेल तर मी तिला मांडीवर घ्यायचो. कुणी बघत असेल तर नाही. लांबून सोमी म्हणायची,

"घे की रं भाव. इटाळ जाला तर निवडून बाजूला टाक. निवडाय येतं ना तुला चांगलं?"

मी ऐकलं नाही असं दाखवायचो.

---

उन्हाळ्याच्या शेवटी टँकर चुकला. हौद कोरडा पडला. पलीकडची माणसं माती भिजवायच्या खड्ड्यातलं पाणी फडक्याने गाळून पिऊ लागली. मला दिसत होतं. आमच्या टाकीत अर्ध्याच्या वर पाणी होतं. शेठने मला बजावलं होतं,

"एकाला दिलंस की सगळे येतील. मग टाकी पण गेली, तुझा कप पण गेला."

दुपारी सोमी आली. डोक्यावर फडकं, हातात आयची हंडी. टाकीपासून थोडी अलीकडे थांबली.

"भाव, एक हंडी दे. मंगीला हगवन लागलीय. वकारी बी होतेय."

मी म्हटलं, "तुजा हौद तिकडं हाय."

"हौद सुकला. खड्ड्याचं पाजलं तिला, त्यानंच जालं."

"टँकर येल."

"कदी?"

"येल परवा."

"परवा," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघितलं, जसं उन्हात डोळ्यांवर हात धरून लांबचं माणूस बघतात तसं. मी तिच्यापासून हातभर होतो. "मी सोमी हाय रं. वळखलास ना?"

"वळखलं. म्हनूनच सांगतो, जा. बा बगतोय."

बा बघत नव्हता. तो मान खाली घालून विटा पाडत होता. पण त्याचा हात थांबला होता, ते आम्हा दोघांना दिसलं. सोमीने थोडा वेळ वाट बघितली. बाची का माझी, ठाऊक नाही. मग तिने हंडी तोटीखाली ठेवली आणि रिकाम्या हाताने निघून गेली.

मी कुलूप काढलं. हंडी भरली.

हे मी स्वतःला वर्षानुवर्षं सांगत आलो. मी हंडी भरली होती. अगदी काठोकाठ भरली होती. उचलली पण होती. खोपटी काही लांब नव्हती, हाक मारली तर ऐकू जाईल एवढीच. तेवढ्यात रस्त्यावरून शेठची जीप आत वळली. मी हंडी खाली ठेवली. टाकीच्या सावलीत सरकवली. म्हटलं, शेठ गेल्यावर नेतो. शेठ बराच वेळ हिशेब घेत बसला. तो गेला तेव्हा चहाची वेळ झाली होती, सगळे जमले होते. म्हटलं, पांगले की नेतो. पांगले तेव्हा बा टाकीजवळच येऊन बसला. विडी ओढत. उठेचना. म्हटलं, सकाळी तर लक्ष्या तिला दवाखान्यात नेईलच.

असं म्हणत म्हणत मी झोपलो. झोप लागली मला. हेही लिहितो.

उजाडता उजाडता पलीकडून आवाज आला. सोमीचा. मी तो आवाज ओळखला नाही, इतका तो वेगळा होता.

मी हंडी उचलली आणि धावत गेलो. पाणी सांडलं, तरी बरंच उरलं होतं. खोपटाच्या दारात लक्ष्या बसला होता, मंगी त्याच्या मांडीवर. तिचे डोळे आत गेले होते. ओठ चिरले होते. मांडीवर घ्यायचो तेव्हा ती जड लागायची. आता लक्ष्याच्या हातावर ती नुसतं फडकं टाकल्यासारखी होती.

मी हंडी घेऊन उभा राहिलो.

सोमीने वर बघितलं. आधी माझ्याकडे, मग हंडीकडे.

"आन ते," ती म्हणाली. "आता लागंल. आंघोळ घालाय."

त्याच पाण्याने मंगीला आंघोळ घातली. सोमी ओंजळीने पाणी घ्यायची आणि हळूहळू सोडायची, गार लागेल म्हणून. मी बघितलं. मला बघावं लागलं. हंडी रिकामी झाल्यावर तिने ती पुसली आणि माझ्या हातात दिली.

"ने. तुज्या बाजूची हाय."

---

ढिगाऱ्यामागे लक्ष्याने खड्डा खणला. बा आला नाही. आमच्या बाजूचं कुणीच आलं नाही.

त्या दिवशी भट्टी उघडायची होती. नवीन पनवेलला माल जायचा होता, दोन ट्रक येऊन उभे होते. शेठ आला तेव्हा मी खांबाजवळ उभा होतो.

"रात्री कोणाचं गेलं म्हणतात?"

"बारकी पोर होती," कुणीतरी म्हणालं. "ढोरांतली."

"हां." शेठने निःश्वास टाकला. सुटल्याचा निःश्वास. तो मी अजून ऐकतो. "मग हरकत नाही. सोनांतलं कुणी असतं तर तुम्ही लोक आज बसून राहिला असता. चला, उघडा भट्टी." मग खिळ्यावरचा कप स्वतः काढून त्याने माझ्यापुढे धरला. असं त्याने आधी कधी केलं नव्हतं. "घे. चहा घे आणि लाग निवडीला. तुझा चेहरा का असा?"

"माजी भाची हुती, शेठ."

"भाची? ढोरांत कुठून आली तुझी भाची? तू सोन ना?"

मागे आमची सगळी माणसं उभी होती. बा होता. ट्रकवाले ग्लास घेऊन बसले होते. मला शेठचा राग आला नव्हता. खरंच नव्हता. त्याने मला काय केलं? त्याने मला एक खिळा दिला होता आणि माझा मीच त्यावर जाऊन अडकलो होतो.

"नाय," मी म्हटलं. "मी ढोर हाय."

"काय?"

"ढोर हाय मी. तो कप ठेवा. कुनाला तरी लागंल."

करगोट्याची किल्ली ओढून काढली आणि बाकड्यावर ठेवली. बाकडं ड्रायव्हरांचं होतं, कातकऱ्याने हात लावायचा नाही अशी रीत होती. मी लावला. एक ड्रायव्हर सरकून बसला आणि हलकेच म्हणाला, "बैठ, भाय." मी बसलो नाही. टाकीकडे गेलो. तोटीला कुलूप होतं, खंगराने ते फोडलं आणि तोटी सोडून दिली. पलीकडच्या बाया हंडे घेऊन धावत आल्या. शेठ ओरडत होता. आमच्या बाजूच्या बाया आधी बघत राहिल्या. मग त्याही ओरडायला लागल्या. पलीकडच्या बायांवर.

मी त्या बाजूला गेलो. सोमी ढिगाऱ्याजवळ बसली होती. मी म्हटलं, "सोमी, मी सांगितलं त्याला. सगळ्यांसमोर. मी ढोर हाय म्हनून."

तिने मान वर केली नाही.

"आज जालास?" ती म्हणाली. "काल व्हायचास."

---

इथे थांबलो असतो तर मी बरा माणूस ठरलो असतो. आजवर जेव्हा कधी ही गोष्ट मनात सांगितली तेव्हा इथेच थांबलो.

पण मी फक्त त्या एका सकाळपुरता ढोर झालो. भट्टी सुटली. पनवेलच्या एका कचेरीत आधी शिपाई लागलो, मग कारकून झालो. दाखल्यावर जमात एकच लिहिलेली असते. खाली पोटभेद विचारत नाहीत. मला ते सोयीचं पडलं. बाने वाडीला जेवण घातलं, म्हाताऱ्यांसमोर माझी मान वाकवली आणि मी परत सोन झालो. मान वाकवताना विरोध केला नाही. लग्न सोनांतलं झालं. सोमीला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर वरात परत गेली असती, असं मी स्वतःला सांगितलं. कचेरीत कुणी मला वेगळा बसवला की माझ्या अंगाची आग व्हायची. सभांना जायचो, हात वर करून घोषणा द्यायचो. आमच्यावर अन्याय, आमच्यावर अन्याय. आणि घरी बायको ढोरवाडीतून आलेल्या माणसाला ओसरीवर बसवायची, तेव्हा पेपर वाचत राहायचो.

सोमी आणि लक्ष्या अजून आहेत. तिकडे डोंगराच्या कडेला. तिला पुढे मूल झालं नाही. वर्षातून एकदा कधी जातो मी. ती बस म्हणते. माझ्यासमोर पाणी ठेवते. मी नेलेलं काही ती खात नाही, माझ्या हातचं पाणी पीत नाही. बोलून दाखवत नाही. नुसतं घेत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीला बघायला पाहुणे आले. मुलगी नर्स आहे. मुलगा चांगला, नोकरीचा, आमच्यातलाच. बोलणं चाललं होतं. मुलाचे मामा म्हणाले,

"एक विचारायचं म्हून विचारतो, राग मानू नका. तुमी सोनातलंच ना? आजकाल कळत नाय. समदे कातकरीच सांगतात."

बायकोने आतून पटकन, "व्हय, व्हय," म्हटलं.

मला खांब दिसला. खिळा दिसला.

"नाय," मी म्हटलं. "ढोर."

"काय बोलताय हो तुमी!" बायको दारात आली. "पोरीचं लगीन हाय!"

"माजी बहीन ढोरांत हाय. माजी भाची ढोरांत पुरलीय. मी ढोर."

मामा उठले. मग बाकीचे उठले. मुलगी पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर येत होती. ती म्हणाली, "पाणी तरी घ्या." कुणी घेतलं नाही. मुलगा क्षणभर रेंगाळला, ट्रेकडे बघितलं, आणि चप्पल घातली.

ते गेल्यावर ती ट्रे घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. रडली नाही. "मला आधी सांगायचं होतंत," एवढंच म्हणाली. बरोबर होतं तिचं. तिचं लग्न होतं, आणि मी तिला न विचारता बोललो होतो. मग मी तिला सगळं सांगितलं. कप, किल्ली, हंडी. सावलीत सरकवली तेसुद्धा. बायको भिंतीला टेकून ऐकत होती. माझं सांगून झाल्यावर पोरीने विचारलं,

"किती पाणी होतं त्यात?"

"काठोकाठ."

"साखर-मीठ घालून थोडं थोडं पाजलं असतं तर वाचली असती, बाबा. वॉर्डात रोज वाचवतो आम्ही."

मी तिच्याकडून दुसरं काही ऐकायला बसलो होतो का? बसलो असेन. तिने ते दिलं नाही. देऊ नये. तिने ट्रे खाली ठेवला, स्वयंपाकघरात गेली, माळ्यावरची आयची हंडी काढली आणि घासायला बसली. बराच वेळ घासत होती.

सोमीने मला माफ करावं म्हणून हे लिहिलेलं नाही. तिने करू नये. शेठला लाज वाटावी म्हणूनही नाही. शेठ कधीच गेला, त्याच्या भट्टीच्या जागेवर आता इमारती आहेत. हे आमच्या माणसांसाठी आहे. माझ्या वाडीसाठी, त्या मामांसाठी, आणि जे मला सभेत भाऊ म्हणतात आणि घरी गेल्यावर कोण कुठला ते निवडतात त्यांच्यासाठी. मी निवडणारा होतो. मला तो हात ओळखू येतो.

वाडीची बैठक असते. म्हातारे बसायचे त्याच जागी आता आम्ही बसतो. पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. मुलगी म्हणते, तीही येणार. हंडी भरून नेणार आहे, आणि हे सगळं तोंडाने सांगणार आहे, नाव घेऊन, माझं आणि मंगीचं. ऐकून ज्याला त्यातलं पाणी प्यायचं नसेल त्याने उठावं. वाडी मला टाकणार असेल तर टाकावं. यावेळी बा नाही जेवण घालायला आणि मी मान वाकवणार नाही. तिथून ती हंडी घेऊन डोंगराच्या कडेने सोमीच्या दारी जाईन. ती पाणी घेणार नाही, मला ठाऊक आहे. तरी जाईन. जीप येवो, बा बघो, सगळी भट्टी उभी राहून बघो.

भरलेली हंडी मी पुन्हा खाली ठेवणार नाही.